वरकस उतारावर झाडं लावताना: माती, पाणी आणि खताचा हिशेब

कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर आंबा-काजू लावायचा म्हटलं की पहिल्यांदा जेसीबी येतो, मग खड्डे, मग कलमं. मातीकडे बघायची वेळ येते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कलमं पिवळी पडून एकाच जागी थांबली की. तोवर जुलैच्या पावसात वरचा थर उतरून वहाळाला लागलेला असतो. ही उलटी वाट टाळायची तर काय करायचं, कुठल्या क्रमानं आणि किती, ते खाली दिलं आहे. आकडे जांभ्याच्या (लाल, सच्छिद्र खडकाच्या) उताराला धरून आहेत. घाटमाथ्यावरच्या तांबड्या मातीलाही बरेचसे चालतील, देशावरच्या काळ्या मातीला नाही.

ही माती नेमकी कुठे कमी पडते

जांभ्याची माती निचऱ्याला उत्तम, साठवणीला कच्ची. लाखो वर्षांच्या पावसानं तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं तेवढी मागे ठेवली. लाल रंग त्या लोहाचाच. याचे परिणाम तीन. सामू (पीएच) आम्लाकडे झुकतो, बहुतेक ठिकाणी 5 ते 6 च्या दरम्यान. टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियम पकडून बसतं आणि मुळांना मिळत नाही. नत्र (नायट्रोजन) आणि पालाश पकडून ठेवायला चिकणमातीत ताकद कमी, म्हणून हंगामाच्या 2500 ते 4000 मिलिमीटर पावसात ते खाली निघून जातं.

या मातीत अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं बरंचसं काम सेंद्रिय पदार्थ करतो, आणि तो असतो वरच्या 10-15 सेंटिमीटरात. म्हणजे वरचा थर गेला की खताची तिजोरीच गेली. मग पोती ओतली तरी ती ठेवायला जागा नाही.

माती तपासणीसाठी नमुना फळझाडांच्या जागी एकाच खोलीचा घेऊ नका. 0-30, 30-60 आणि 60-90 सेंटिमीटर असे तीन वेगळे घ्या. कातळ आधीच लागला तर तिथे थांबा आणि ती खोली लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं नियोजन त्या आकड्यावर आहे. नमुना खत घालण्याआधी घ्यायचा, सावलीत वाळवायचा आणि अर्धा किलो पाठवायचा.

आधी पाणी किती मुरतं ते मोजा

खर्च शून्य. साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही बाजूंनी कापून त्याचं कडं करा आणि लाकूड आडवं ठेवून हातोड्यानं 8-10 सेंटिमीटर जमिनीत ठोका. आत साडेतीन लिटर पाणी ओता. या व्यासाला ते बरोबर 5 सेंटिमीटर उंच उभं राहतं. पहिलं पाणी जमीन भिजवण्यासाठी, ते मोजायचं नाही. ते जिरलं की पुन्हा साडेतीन लिटर ओता आणि घड्याळ लावा.

एकाच उतारावर तीन ठिकाणी करा: उघड्या वरकसावर, गुरांच्या वाटेवर, आणि ऐन-किंजळीच्या जुन्या झाडाखाली पातेरा (पडलेली सुकी पानं) बाजूला सारून. तफावत डोळ्यांना दिसेल. उघड्या जागी दुसरं पाणी जिरायला तासाभराहून जास्त लागत असेल, तर तासाला 50 मिलिमीटरच्या सरीला ती जागा वाहणारच, आणि अशा सरी पुष्य नक्षत्रात नवलाच्या नाहीत. कारण बहुतेक वेळा खोलवर नसतंच. थेंबांच्या माऱ्यानं मातीचे कण सुटतात, बारीक छिद्रं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. खाली माती भुसभुशीत, वर झाकण बंद.

म्हणून उतारावरचं पहिलं काम चर खणण्याचं नाही, थेंब अडवण्याचं आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण खालचा हिशेब.

चराचा खरा हिशेब

10 टक्के उतार धरा. एक मीटर उभी घट पडते तिथे एक चर, म्हणजे दोन चरांत 10 मीटर अंतर. चराच्या एक मीटर लांबीला वरची 10 चौरस मीटर जमीन पाणी देते. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि हा कोकणात जुलैचा साधा दिवस आहे, तर त्या पट्ट्यावर 1000 लिटर पडलं. उघड्या जमिनीवरून निम्मं वाहिलं तरी 500 लिटर. नेहमीचा 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 खोल चर मीटरमागे 180 लिटर धरतो. उरलेलं 320 लिटर चरात जेवढं जिरेल तेवढं जिरेल, बाकीचं काठावरून जाणार. आणि जिथून जाईल तिथून फोडून जाणार.

पाणलोटाच्या बऱ्याच योजना 600-700 मिलिमीटर पावसाच्या मुलखात घडल्या. तिथला चर पाणी साठवतो. कोकणातल्या चराचं काम वेग मोडणं आणि माती खाली बसवणं एवढंच धरायचं. त्यामुळे तो असा खणा:

समपातळी रेषा काढायला ए-चौकट पुरते. दोन सरळ बांबू वर एकत्र बांधायचे, पायांत 2 मीटर अंतर, मध्ये आडवी काठी आणि शेंड्यावरून दगड बांधलेला दोरा. चौकट उभी करून दोरा आडव्या काठीला जिथे टेकतो तिथे खूण करा. पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळी. आता चौकट फिरवत प्रत्येक पायाशी खुंटी ठोकत जा. रेषा वेडीवाकडी आली तर एखादी खुंटी थोडी वर-खाली करून ती वळणदार करा, पण कोपरा ठेवू नका. पाणी कोपऱ्यात जमतं आणि तिथेच बांध फुटतो.

माती खालच्या अंगाला टाका, चराच्या काठापासून 25-30 सेंटिमीटर सोडून, नाहीतर पहिल्या पावसात तीच चरात परत येते. चर सलग रिकामा ठेवू नका. दर 3-4 मीटरवर न खणलेली आडवी भिंत राहू द्या, बाहेरच्या बांधापेक्षा 10 सेंटिमीटर खुजी. एखाद्या जागी खेकड्यानं बीळ केलं आणि बांध फुटला तरी तेवढाच खण रिकामा होतो, अख्ख्या चराचं पाणी एका भगदाडातून सुटत नाही. दर 20-25 मीटरवर दगड लावून सांडवा द्या आणि तो मूळच्या घळीकडेच वळवा. वरच्या आणि खालच्या चराचे सांडवे एका रेषेत आले तर तुम्ही नवा ओहोळ तयार केलात म्हणून समजा.

उतार 30 टक्क्यांच्या वर असेल, किंवा कातळावर खोल भुसभुशीत माती बसलेली असेल, तर सलग चर खणूच नका. तिथे जास्त पाणी मुरवणं म्हणजे मातीचं वजन वाढवणं आणि तळ निसरडा करणं. वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग दिसली, झाडं वाकलेली दिसली, तर ती जागा झाडोऱ्यावर सोडून द्या. अशा उतारावर झाडापुरता अर्धचंद्राकृती बांध आणि समपातळीवर वाळ्याच्या ओळी एवढंच. वाळ्याचे ठोंब 10-15 सेंटिमीटरवर लावा. अंतर जास्त पडलं की दोन ठोंबांमधून पाणी जोरात सुटतं आणि ओळ असून नसल्यासारखी होते.

भाजावळीचं काय

भाताची रोपं करायच्या जागेवर, म्हणजे राबावर, कवळ (तोडलेल्या पानाळ फांद्या), पातेरा आणि शेण पसरून जाळतात, ती भाजावळ. राब उगाच भाजत नाहीत. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश-चुना मिळतो, आम्लता थोडी उतरते, रोपं जोमात येतात. पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. कवळ, पातेरा, शेण यांतलं बहुतेक नत्र आणि गंधक धुरातून जातं. आणि ज्या ऐन-किंजळीची दरवर्षी कवळं तोडली, जिच्याखालचा पातेरा शेवटच्या पानापर्यंत झाडून नेला, तो उतार उघडा पडतो. दहा गुंठ्यांच्या भातरोपासाठी वरचं रान बोडकं होतं, ते असं.

याला उत्तर जुनंच आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख घालतात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, बी पेरायच्या ओळीत मातीत मिसळून. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं. लावणीच्या खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला 30 किलो, पहिल्या चिखलणीआधी आठवडाभर पसरून. त्यातून हेक्टरी साधारण 10 ते 15 किलो नत्र मिळतं. भातगिरणीतून तूस आणलं आणि बांधावर गिरिपुष्प लावलं की वरकसावरचा पातेरा जागच्या जागी राहू शकतो. उताराच्या दृष्टीनं या दोन सूत्रांचा हा फायदा भाताच्या उत्पन्नाइतकाच मोठा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

गिरिपुष्प: कुठे, कसं, किती

काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात. शेंगवर्गीय, नत्र धरणारं, छाटलं की पुन्हा फुटणारं, गुरं एरवी फारसं तोंड न लावणारं. लावायच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींची मुळं वेगळी वागतात, हे इथे महत्त्वाचं.

भाताच्या बांधावर फाटे लावा. एक-दोन वर्षांची पक्व फांदी, अंगठ्यापेक्षा जाड, एक मीटर लांब, वरचा काप तिरका म्हणजे पाणी साचत नाही. मृगाच्या आधी-मागे 25-30 सेंटिमीटर खोल, अर्ध्या मीटरवर. पाणी तुंबणाऱ्या जागी फाटा कुजतो, म्हणून बांधाच्या माथ्यावरच घ्या.

उतारावरच्या बागेत मात्र रोपं लावा. फाट्याची मुळं उथळ पसरतात आणि कलमाशी त्याच थरात भांडतात. बियाच्या रोपाला सोटमूळ असतं, ते खाली जातं, आणि कलमाच्या मुळांच्या खाली निसटलेलं नत्र-पालाश पकडून पानांत वर आणतं. शेंगा तडकण्याआधी तोडा, बी रात्रभर भिजवून मे महिन्यात पिशव्यांत पेरा, जुलैत 6-8 आठवड्यांचं रोप चराच्या बांधावर लावा. आंब्याच्या खोडापासून निदान अडीच-तीन मीटर लांब.

पहिलं वर्ष छाटू नका. दुसऱ्या वर्षापासून कमरेच्या उंचीवर दोन छाटण्या: एक आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमाराला, भातासाठी आणि कलमांच्या भरीसाठी, दुसरी हस्ताचा पाऊस संपता संपता, आच्छादनासाठी. छाटणी चुकवली तर दोन वर्षांत गिरिपुष्प कलमाच्या डोक्यावर जातं. मग शेतकरी वैतागून मुळासकट काढतो आणि दोष झाडाला देतो.

पाल्यावर भिस्त किती ठेवायची तेही मोजा. एका आंब्याला 20 किलो ओला पाला घातला तर वरच्याच हिशेबानं 70 ते 100 ग्रॅम नत्र मिळालं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 10 वर्षांवरच्या हापूसला शिफारस आहे 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश. म्हणजे पाला खताची जागा पुरती भरत नाही. तो घातलेलं खत टिकवतो.

जेवण वेगळं, पांघरूण वेगळं

सगळा पाला सारखा नसतो. गिरिपुष्प, पांगारा यांची पानं मऊ, कोरड्या वजनात नत्र अडीच टक्क्यांच्या वर. पावसात निम्मं वजन तीन-चार आठवड्यांत विरतं. हे जेवण. आंबा, काजू, ऐन यांचा पातेरा चिवट, त्यात नत्र कमी, विरायला महिने लागतात. हे पांघरूण. नुसतं जेवण घातलं तर ऑगस्टमध्ये जमीन पुन्हा उघडी. नुसतं पांघरूण मातीत गाडलं तर ते कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि कलम पिवळं पडतं. नव्या कलमाच्या खड्ड्यात सुकं गवत आणि काजूचा पातेरा दाबून भरतात तिथे हे हमखास होतं.

तेव्हा गिरिपुष्प खाली, मातीला लागून, आणि पातेरा त्याच्यावर. एकूण थर 10-15 सेंटिमीटर. खोडाभोवती 30 सेंटिमीटरचं वर्तुळ मोकळं. काजूत तर हे वर्तुळ पाळाच: बुंध्याशी पातेरा साचला की रोठ्याची (खोड पोखरणाऱ्या अळीची) भोकं आणि भुसा दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा झाड हातचं गेलेलं असतं. आंब्याला ओल्या पाल्यानं बुंधा कुजतो, सुक्याखाली वाळवी चढते. पावसाआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, 10 लिटर पाणी.

नारळ जवळ असेल तर सोडणं (नारळाची काथ्याची सालं) फुकट घालवू नका. चरात किंवा आळ्यात ती खोलगट बाजू वर करून थरानं पुरा. वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतात आणि पालाशही देतात.

खत कधी

उन्हाळाभर सुकलेल्या मातीवर रोहिणी-मृगाचा पहिला पाऊस पडला की जिवाणू एकदम जागे होतात आणि मातीतलं नत्र मोकळं होतं. शेतकऱ्याला तो हिरवा जोम आठ-दहा दिवसांत दिसतो. त्या वेळी जमिनीत जिवंत मुळं नसतील तर हे फुकटचं नत्र आर्द्रेच्या पावसाबरोबर खाली जातं. म्हणून कलमांच्या ओळींमधलं गवत जूनमध्ये तणनाशकानं जाळू नका. ते नत्र उचलून ठेवतं. ऑगस्टमध्ये कापा आणि कलमाभोवती घाला.

विकतचं नत्र जुलैच्या संततधारेत कधीच नको. काजूला दोन हप्ते करा, एक पावसाच्या सुरुवातीला आणि एक जोर ओसरल्यावर. हापूसला मात्र नत्र उशिरा नेऊ नका. पालवी येते आणि मोहोर मागे पडतो. खत फोकून टाकू नका. झाडाच्या विस्ताराच्या थोडं आत 15 सेंटिमीटर खोल गोल चर काढून त्यात घाला, आणि उतारावर त्याचा जास्त हिस्सा वरच्या अंगाला.

स्फुरदाची युक्ती वेगळी. ते जितकं मातीत मिसळाल तितकं लोह-ॲल्युमिनियम पकडणार. सुपर फॉस्फेट शेणखतात कालवून एका पट्ट्यात द्या. खड्डा भरताना आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट चालतं, इथली आम्लताच ते हळूहळू विरघळवते. मात्र त्याच खड्ड्यात, त्याच वेळी भरपूर चुना ओतला तर ते तसंच पडून राहतं. दोन्ही चांगलं म्हणून दोन्ही एकदम, असं इथे चालत नाही.

झाडं आहेत, तरी माती जाते

साग लावला म्हणजे माती वाचली, हा समज खोटा. सागाच्या रुंद पानावर बारीक थेंब एकत्र होऊन मोठा थेंब बनतो, आणि आठ-नऊ मीटरवरून पडताना तो जवळजवळ पूर्ण वेग घेतो. खाली पातेरा जाळलेला आणि झुडपं साफ केलेली असतील तर मार उघड्या जमिनीपेक्षा कमी नसतो. सागाखाली खडे मातीच्या बुटक्या खांबांवर उभे दिसले तर तोच प्रकार: खड्याखालची माती वाचली, बाजूची गेली.

झऱ्याच्या वरच्या अंगाला ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा निलगिरी दोन-दोन मीटरवर दाट लावू नका. सदाहरित, झपाट्यानं वाढणारं झाड नोव्हेंबर ते मे पाणी ओढत राहतं. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडून उताराच्या कुशीत फुटतं, तोच झरा. आणि तो याच महिन्यांत टिकायला हवा. तिथे विरळ, पानगळीची झाडं आणि खाली गवत बरं. दाट लागवड आधीच झाली असेल तर एकआड एक ओळ काढा, पण पावसाळ्याच्या तोंडावर नको आणि खोडं उपटून तर नकोच. बुंध्याशी कापा, मुळं जमिनीत राहू द्या.

आच्छादनाचा सगळ्यात मोठा शत्रू वणवा. डिसेंबर उजाडायच्या आत बागेच्या चहूबाजूंनी 3 ते 5 मीटर रुंद जाळरेषा काढा, खालच्या आणि वाऱ्याच्या अंगाला जास्त. जाळरेषेतलं गवत कापून आत आणा, काठावर ढीग लावू नका. आतला पातेरा झाडागणिक वेगळा ठेवा, दोन आळ्यांमध्ये मोकळा पट्टा, म्हणजे एक पेटलं तरी बाकीची वाचतात.

शेवटी एक सळई. 30 सेंटिमीटरची लोखंडी सळई, 20 सेंटिमीटर जमिनीत, 10 वर. मे महिन्यात उतारावर वर, मध्ये आणि खाली अशा नऊ ठोका, आच्छादनात आणि उघड्यावर दोन्हीकडे, आणि वरची लांबी लिहून ठेवा. ऑक्टोबरात पुन्हा मोजा, पातेरा बाजूला करून, मातीपासून. एक मिलिमीटर माती गेली म्हणजे गुंठ्याला 120-130 किलो, हेक्टरी बारा-तेरा टन. उघड्यावरची सळई 10 ची 10.4 झाली आणि आच्छादनातली 10 वरच राहिली, तर पुढच्या वर्षी गिरिपुष्पाची किती रोपं लावायची याचा आकडा तिथूनच काढा. खालच्या सळईची लांबी कमी झाली असेल तर वरून गेलेली माती तिथे बसली आहे. चरातून ती उपसून मार्चपर्यंत वरच्या कलमांना घाला.